न तपासलेला भाग

१२ फेब्रुवारी

शाळेत बोलावलं होतं. मला एकटीला.

वर्गशिक्षिकेच्या टेबलावर एक फॉर्म होता. तिनं तो तळहातानं अर्धा झाकलेला. पण मी छापखान्यात प्रुफं तपासते, उलटी अक्षरंसुद्धा वाचता येतात मला. ‘घरात मुलास मारहाण होत असल्याचा संशय.’

संशय!

भुंग्याच्या दंडावर निळा डाग, मांडीवर दोन, बरगडीपाशी एक. मला ठाऊक नाहीत का ते? सात वर्षांचं पोर, दिवसभर गुणगुणत घरभर फिरतं, टेबलाला धडकतं, दाराला धडकतं. म्हणून तर भुंगा. बाई म्हणाल्या, “बाकीची मुलंही धडपडतात हो. त्यांना असं होत नाही.” आणि मग आवाज खाली आणून, “घरात रागीट कोण आहे?”

मी! मी आहे रागीट! असं ओरडणार होते. गिळलं. ओरडले असते तर तेही फॉर्मवर गेलं असतं.

१३ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. तरी लिहिते.

काल संध्याकाळी नवरा भुंग्याला आंघोळ घालत होता आणि मी न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी होते. अकरा वर्षांचा संसार! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हात कायम ग्रीसनं काळे, पण आवाज कधी चढलेला ऐकला नाही मी त्याचा. त्याच्यावर मी पहारा ठेवला.

आत दोघं खिदळत होते.

पण मी मारक्या बापाची मुलगी आहे. बाबा दादाला मारायचे. मी पाच वर्षांची होते, दादा आठ. त्याचे पाय पाहिलेत मी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत निळेकाळे. ते पाहून आईनं बाबांची पेटी दाराबाहेर ठेवली आणि विषय संपवला. तीस वर्षं झाली. बाबा दुसऱ्या कुठल्याशा गावात असतात म्हणे. सुरुवातीला पत्रं यायची, आई न फोडताच फाडायची. बरं करायची. मीही तेच केलं असतं.

तर अशा घरातून आलेली बाई दाराला कान लावणार नाही तर काय करणार!

१४ फेब्रुवारी

नवऱ्याला शाळेचं सांगितलं. जेवला नाही. ताट सरकवून म्हणाला, “तुलाही वाटलं का?”

खोटं बोलले.

२७ फेब्रुवारी

बरेच दिवस वहीला हात लावला नाही. गेले तीन दिवस इस्पितळात होते.

भुंगा शाळेच्या जिन्यावर घसरला. दोन पायऱ्या. दोनच! तासाभरात गुडघा चेंडूएवढा. तपासायला आलेला तरुण डॉक्टर गुडघ्याआधी माझ्याकडे बघतो. “पडला? नक्की पडला? कुणी बघितलं?” वर्गातल्या तीस मुलांनी बघितलं बाबा, एकेकाची सही आणू का? नवरा बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेला, जणू त्यानंच ढकलला.

मग एक वयस्क नर्स आली. सुई टोचलेल्या जागेवरचा कापूस तिनं उचलला, पाहिला, परत दाबला. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिला. रक्त येतच होतं. ती त्या डॉक्टरला म्हणाली, “मारहाण कसली डोंबलाची! याचं रक्त गोठत नाहीये. आधी ते बघा.”

त्या बाईचे पाय धरायचे राहिले.

१ मार्च

रक्ताच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं— हिमोफिलिया बी. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, फॅक्टर नऊ. ते भुंग्याच्या रक्तात शंभरातले दोन भाग आहे. फक्त दोन.

“हा आईकडून येतो,” डॉक्टर म्हणाले. “मुलाच्या मामाला काही त्रास?”

माझी आई शेजारी बसली होती. माझ्याआधी तीच बोलली. “नाही. आमच्याकडे कुणाला काही नाही.”

मीही मान हलवली. दादा अडतीस वर्षांचा घोडा आहे, पोहायला शिकवतो, रोज शंभर पोरांना पाण्यात ढकलतो. त्याला कसला हिमोफिलिया!

“मग नव्यानंच झालेला बदल दिसतोय. जनुकाची तपासणी करू. आजार मात्र जन्मभराचा. इंजेक्शनं घ्यावी लागणार, जपावं लागणार.”

जन्मभराचा. किती सहज म्हणाले. माणूस पत्ता सांगतो तसं.

४ मार्च

शाळेत गेले. रिपोर्ट वर्गशिक्षिकेच्या टेबलावर आपटला. वाटलं होतं माफी मागेल. तिनं शांतपणे वाचला, म्हणाली, “वाईट वाटतं मला. पण उद्या दुसऱ्या मुलाच्या अंगावर असे डाग दिसले, तरी मी फॉर्म भरणारच.”

निर्लज्ज! बस मिळेपर्यंत शिव्या देत होते तिला. बसमध्ये बसल्यावर कळलं, शिवी लागू पडत नाहीये. त्यानं आणखी चिडले.

२० मार्च

जनुकाचा रिपोर्ट आला. ‘आजाराशी संबंधित कोणताही बदल आढळला नाही.’

आढळला नाही? पोराच्या गुडघ्यात रक्त साठतं आणि आढळला नाही? डॉक्टर खांदे उडवतात. “होतं असं कधी कधी. उपचारात काही फरक पडत नाही.” नवराही म्हणतो, “सोड ना. इंजेक्शन तर चालू आहे.”

नाही सोडणार. बारा वर्षं प्रुफं वाचतेय मी. चूक आहे आणि सापडत नाही असं नसतं. वाचणाऱ्यानं तिथं वाचलेलं नसतं, एवढंच.

२१ मार्च

सापडलं! रिपोर्टमधली चूक नव्हे, रिपोर्टची चलाखी. चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात: ‘या चाचणीत जनुकातील प्रथिन ठरवणारा मजकूर वाचला आहे. त्याआधीचा नियंत्रक भाग तपासलेला नाही.’

तपासलेला नाही! आणि वर ठसठशीत अक्षरात ‘आढळला नाही’. आमच्या छापखान्यात असं कुणी केलं असतं तर मालकांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

२३ मार्च

प्रयोगशाळेत तीन फोन. तिन्ही वेळा तीच मुलगी, तोच मध लावलेला आवाज. “मॅडम, तो भाग आपल्या चाचणीत येत नाही.” कुणाच्या चाचणीत येतो? “ते मी नाही सांगू शकत.” सांगू शकेल असा माणूस? “ते आत काम करतात, मॅडम.”

मग मी आत येते!

२ एप्रिल

गेले. रजा टाकून गेले. बाहेरच्या खुर्चीत पावणेदोन तास बसले, उठायचं नाव घेतलं नाही. शेवटी आतून एक बाई आली, माझ्याच वयाची, केसांत पेन खोचलेलं, चेहऱ्यावर ‘कोण ही कटकट’. मी चौथं पान पुढे केलं, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं. म्हणाली, “या ओळीबद्दल विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. बसा.”

मी तिला मनात जनुकवाली म्हणते. तिनं जे सांगितलं ते विसरायच्या आत उतरवते.

शरीरातल्या प्रत्येक पेशीत तेच सगळं लिखाण असतं. फॅक्टर नऊचं जनुक डोळ्याच्या पेशीतही आहे, पण तिथं ते गप्प. यकृतात मात्र कामाला लागतं. कुठे कामाला लागायचं, कधी, किती, हे ठरतं जनुकाच्या तोंडाशी असलेल्या एका तुकड्यावर. त्याला प्रमोटर म्हणतात. त्या तुकड्यावर ठरावीक जागी ठरावीक प्रथिनं येऊन बसतात. ती नीट बसली की नक्कल काढणारं यंत्र तिथं येऊन लागतं आणि जनुकाच्या नकला निघायला लागतात. त्या नकलांवरून फॅक्टर तयार होतो. जागेतलं एखादं अक्षर बदललं तर प्रथिन तिथं धरून राहत नाही. मग यंत्र क्वचित येतं. नकला अगदी थोड्या निघतात.

“म्हणजे मजकूर बिनचूक?” मी विचारलं.

“काना-मात्रेची चूक नाही.”

“आणि प्रतीच छापल्या जात नाहीत.”

“बरोबर!” ती हसली. मग केसातलं पेन काढून कागदावर एक रेघ ओढली, त्यावर दोन खुणा केल्या. “मुलाला मामा आहे का?”

“आहे. ठणठणीत आहे.”

“लहानपणी? मी का विचारते सांगते. हिमोफिलिया बीचा एक प्रकार असा आहे की मुलगा वयात आला की आपोआप सुधारत जातो. पुरुषी संप्रेरक वाढतं, त्याच्यामुळे याच तुकड्यावर दुसऱ्या जागी दुसरं प्रथिन येऊन बसतं. बंद पडलेलं काम हळूहळू सुरू होतं. पण बदल जर या इथे असेल,” तिनं दुसऱ्या खुणेवर पेन टेकवलं, “तर दोन्ही जागा बिघडतात. मग वयात येऊनही उपयोग नाही.”

“दोन्हींत अंतर किती?”

“पाच-सहा अक्षरं.”

पाच-सहा अक्षरं! एका शब्दाएवढं अंतर. इकडे असेल तर पोरगं मोकळं, तिकडे असेल तर जन्मभर सुई.

“मामाचे गुडघे सुजायचे का लहानपणी? दात पडताना रक्त थांबायचं नाही, असं? विनाकारण निळं पडायचं?”

“निळं पडायचं,” मी म्हटलं. “पण विनाकारण नाही. आमचे वडील मारायचे त्याला.”

तिनं पेन खाली ठेवलं. “डाग कधी थांबले?”

“वडील गेल्यावर.”

“नक्की?”

नक्की! पाच वर्षांच्या मुलीचं नक्की काय असतं? मला लोकांनी जे सांगितलं तेच माझं नक्की.

५ एप्रिल

तलावावर गेले, दादाचा वर्ग सुटेपर्यंत थांबले. तो टॉवेलनं डोकं पुसत आला. सरळ विचारलं.

“निळं पडायचं की,” दादा म्हणाला. “बाबा गेल्यावर तर जास्तच. दात पडला तेव्हा उशी भिजली होती रक्तानं. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं असेल.”

मी खालीच बसले, ओल्या फरशीवर.

“बोलला का नाहीस?”

“कुणाला बोलू? आईनं सांगितलं होतं, बाहेर दाखवायचं नाही. भर उन्हाळ्यात फुल पँट घालायचो मी. तेराव्या-चौदाव्या वर्षी थांबलं आपोआप. मला वाटलं, सगळ्यांचंच थांबत असेल.”

“बाबा मारायचे का तुला?”

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. “आठवत नाही गं. सगळे म्हणायचे मारलं, म्हणून मीही म्हणायचो.”

जनुकवाली भुंग्याचा तो न तपासलेला भाग वाचणार आहे, सोबत दादाचाही वाचता येईल म्हणून तिथूनच त्याला प्रयोगशाळेत नेलं. तो मुकाट आला. सुई टोचताना मात्र मान फिरवली— एवढा मोठा माणूस!

६ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

भुंग्याला घेऊन आईकडे गेले. ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी म्हटलं, “बाबा गेल्यावरही दादाला डाग पडत होते.”

तिनं चिमटे काढायचं थांबवलं नाही. एक, दोन, तीन. मग म्हणाली, “हो.”

हो! बस, एवढंच! तीस वर्षांनी एक अक्षर!

“तुला माहीत होतं?”

“आधी वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत थांबतील. मग वाटलं, पोरगं पडत असेल. मग वर्ष झालं.”

“मग बोलावलं का नाहीस त्यांना परत?”

“काय तोंडानं बोलावू?” आता तिचा आवाज चढला. “सगळ्या गल्लीदेखत पेटी बाहेर ठेवली होती मी! त्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं, भांडले असते, तर मीच पेटी आत घेतली असती. चकार शब्द बोलले नाहीत. पेटी उचलली आणि चालायला लागले. मी काय समजायचं?”

“आणि डॉक्टरांसमोर? ‘आमच्याकडे कुणाला काही नाही’?”

ती पुढचा चिमटा काढायला लागली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आयुष्यात आईला असं बोलले नव्हते. माझा बाप घालवलास म्हटलं. खोटारडी म्हटलं. पत्रं फाडलीस म्हटलं. भुंगा दारात आला, कुबडी टेकत. “आजीला का ओरडतेस?” त्याला काय सांगू? चप्पल घालून बाहेर पडले आणि पाय दुखेपर्यंत चालले.

११ एप्रिल

प्रयोगशाळेतून काही कळलेलं नाही अजून. सोळा पानांच्या प्रुफात सात चुका सोडल्या. मालक म्हणाले, “तब्येत बरी आहे ना?” नाही!

१७ एप्रिल

आईचा फोन आला, मी उचलला नाही. पुन्हा आला. नवऱ्यानं उचलला, बोलला, ठेवला. “गुडघा कसा आहे विचारत होत्या.” मी म्हटलं, तिला आता गुडघे आठवतात होय? नवरा म्हणाला, “तू माझ्याबद्दलही आठवडाभर तेच समजत होतीस. मी ऐकलं होतं, तू दाराबाहेर उभी होतीस ते. सावली दिसते दाराखालून.”

दोन महिने हा माणूस हे पोटात ठेवून होता.

२४ एप्रिल

आला रिपोर्ट. जनुकवालीनं स्वतः फोन केला, तिच्याकडेच गेलो, तिघंही— मी, नवरा, दादा.

एक अक्षर बदललंय. प्रमोटरमध्ये. पहिल्या खुणेपाशी! दुसरी जागा शाबूत आहे. आणि दादाच्या रक्तात तेच अक्षर, त्याच जागी. त्याचा फॅक्टर नऊ आज शंभरातले छप्पन्न. म्हणजे त्याच्या यकृतात ते काम सुरू झालं, चौदाव्या वर्षी, कुणाला काही न विचारता. भुंग्याचंही होईल. तोवर इंजेक्शनं, तोवर जपणं. पण तोवरच!

“दोघा भावंडांना हे आईकडून आलं,” जनुकवाली म्हणाली. “वडिलांचा यात काही संबंध नाही.”

दादानं मान खाली घातली. नवरा जिन्यात जाऊन रडला, ग्रीसच्याच हातांनी डोळे पुसले, चेहरा काळा करून परत आला. मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, “फारच रंजक केस निघाली ही.” रंजक! मी म्हटलं, तुम्ही ‘काही फरक पडत नाही’ म्हणाला होतात. ते म्हणाले, दुसऱ्या लाइनवर फोन आहे.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. दहा मिनिटं झाला. मग पुन्हा तेच— वडिलांचा यात काही संबंध नाही.

२६ एप्रिल

कागद घेऊन आईकडे गेले. तोंडावर फेकायच्या तयारीनं गेले होते. घे, तुझ्याकडूनच आलं, आणि घालवलंस त्यांना!

तिनं दार उघडलं तर डोळे सुजलेले. दादानं आधीच सांगितलं होतं. माझ्या हातातला कागद तिनं मागितला, चष्मा लावला, एकही शब्द कळत नसताना चारही पानं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्याच रक्तातलं होतं ते. मी बघत होते बाहेर.”

फेकायला काही उरलंच नाही हातात. राग गेला असं नाही. आहे, जागच्या जागी आहे. पण मी काय केलं असतं? पोराचे पाय निळे, घरात एक पुरुष. त्या वर्गशिक्षिकेनं फॉर्म काढला. मी कान लावला. हिनं पेटी बाहेर ठेवली. मला वेळेवर एक नर्स भेटली, हिला कुणी भेटलं नाही. पण मग ते पुढचं वर्ष? आणि त्याच्या पुढची सगळी? ती कुठे बसवू?

निघताना ती म्हणाली, “त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगू शकत.”

दादाकडे नंबर आहे. सहा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी मिळवलेला. एकदाही लावला नाही म्हणे.

२९ एप्रिल

दोन दिवस नंबर घेऊन फिरतेय. लावते आणि वाजायच्या आत कापते. काय हाक मारू? बाबा? कुठल्या तोंडानं? बघ— आईचंच वाक्य माझ्या तोंडात.

३० एप्रिल

लावला. छापखान्याच्या जिन्यात उभी राहून, जेवणाच्या सुट्टीत. “तुमची मुलगी बोलतेय,” म्हटलं. एका दमात सगळं सांगून टाकलं— एक अक्षर, आईकडून आलेलं, तुमचा संबंध नाही, तुम्ही दादाला कधी मारलं नव्हतं, आम्हाला कळलंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “एकदा मारलं होतं गं. एकदाच. फूटपट्टीनं, हलकंच, पायावर. सकाळी बघतो तर अख्खा पाय काळानिळा. मग वाटलं, बाकीचे डागही माझेच असणार. मलाच कळत नसणार माझा हात किती लागतो ते. म्हणून गेलो मी. नाहीतर तुम्हाला सोडून गेलो असतो का?”